ओळखणारे कान

साठ मिनिटांची कॅसेट संगणकावर नीट उतरवून घ्यायची तर साठ मिनिटेच लागतात. छायाचित्र क्षणात टिपता येते. फितीला मात्र तिच्या मूळ वेगाने, सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर, सरकू द्यावे लागते. जे काळात घडले ते परत मिळवण्याची किंमतही काळातच मोजावी लागते. आठवणींचे मोल सर्वांना मान्य असते. त्यांच्यासाठी बसून राहणारे थोडे असतात.

फिलिप्सने १९६३ साली कॅसेट आणली. त्याआधी आवाज जपणे हे बहुतांशी ग्रामोफोन कंपन्यांचे आणि आकाशवाणीचे काम होते. कॅसेटने ते घरात आणले. मंगळागौरीची गाणी, आजीच्या ओव्या, परदेशी गेलेल्या मुलाला पत्राऐवजी पाठवलेले चार शब्द. इतिहासाने ज्यांना विचारले नसते, त्यांना जेमतेम ४ मिलिमीटर रुंदीच्या फितीने बोलते ठेवले.

फीत ज्या यंत्रावर भरली गेली, त्याच्या हेडचा कोन तिच्यात कायम राहतो. दुसऱ्या यंत्राचा कोन त्याच्याशी जुळला नाही की आवाज झाकोळतो. दोष फितीचा वाटतो. हेडजवळचा लहानसा स्क्रू किंचित फिरवला की तोच आवाज उजळतो. माणसांतही ऐकू न येण्याचा दोष बोलणाऱ्याच्या माथी येतो. ऐकणाऱ्याने किती कलायला हवे होते, हे कोणी तपासत नाही.

वर्षानुवर्षे गुंडाळून पडलेल्या फितीत एका वेढ्याची चुंबकीय छाप शेजारच्या वेढ्यावर उमटते. मग शांततेत पुढचा शब्द आधीच पुसट ऐकू येतो. दीर्घ सहवासात असेच होते. एकाचे वाक्य दुसऱ्याच्या गप्प राहण्यात उमटलेले असते. अशा घरातला कोणताही आवाज पुरता एकट्याचा नसतो.

खरखर काढून टाकणारी साधने आता घरच्या संगणकावरही मिळतात. त्यांचा मोह मोठा असतो. पण खरखरीबरोबर श्वास जातो, तानपुऱ्याची आस जाते, शब्दांच्या कडा बोथट होतात. म्हणून जाणकार आधी जशीच्या तशी प्रत करतात, शक्यतो ९६ किलोहर्ट्झ आणि २४ बिटची, आणि सफाई वेगळ्या प्रतीवर करतात. गेलेल्या माणसाविषयी बोलतानाही हाच क्रम योग्य आहे. आधी तो होता तसा नोंदवावा. उजळ करण्याची घाई नसावी.

कॅसेटच्या कडेला दोन छोट्या पट्ट्या असत. त्या मोडल्या की फितीवर पुन्हा काही भरता येत नसे. मोडलेल्या जागी चिकटपट्टी लावली की पुन्हा भरता येई. अनेक घरांत ती लावली गेली. बारशाच्या पाळण्यावर क्रिकेटचे समालोचन चढले. त्यात दुष्टावा नव्हता. रोज कानावर पडणारा आवाज जपून ठेवावा, असे कोणालाच वाटत नाही. उद्याची खात्री ही विस्मरणापेक्षा अधिक पुसते.

कोकणाच्या दमट हवेत फितीला बुरशी धरते. काही फितींवरचा चुंबकीय कण धरून ठेवणारा थर ओलाव्याने चिकट होतो. पण फीत जाण्याआधी कळवते. स्वर बुडतो, लय डळमळते. डिजिटल फाइल काही कळवत नाही. शेवटच्या दिवसापर्यंत ती नव्यासारखी वाजते आणि एके दिवशी उघडतच नाही. तिच्या हजाराव्या प्रतीतही काही उणे होत नाही, पण ती प्रत करणारे कोणीतरी असावे लागते. जतन एकदा उरकता येत नाही. ते एका पिढीने दुसरीच्या हाती द्यावे लागते.

गवई अल्लादिया खाँ १९४६ साली गेले. त्यांच्या गाण्याचे ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. तरी त्यांची गायकी त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्या गळ्यात राहिली. कारण ती ज्यांच्या स्वाधीन झाली, त्यांना ती कोणाची आहे हे ठाऊक होते. शिष्याला स्वर मिळतो तेव्हा स्वराचे कूळही मिळते. फितीला फक्त स्वर मिळतो.

१९७७ साली केसरबाईंची भैरवी एका तबकडीवर व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली. त्या तबकडीसोबत सुई आहे. तबकडी कशी वाजवावी याच्या खुणा वेष्टनावर कोरल्या आहेत. पाठवणाऱ्यांनी ऐकणाऱ्याविषयी काही गृहीत धरले नाही. घरातल्या कॅसेटवर पुष्कळदा एकच शब्द असतो, ‘घरचे’. लिहिणाऱ्याला वाटले होते, ऐकणारे सगळे ओळखीचेच असतील. आपल्या माणसांना काही सांगावे लागत नाही, या विश्वासात पुष्कळ सांगायचे राहून जाते.

यंत्र आवाजाचे आकडे करते. सेकंदाला हजारो वेळा तो मोजते. ओवी थांबवून मध्येच हसले ते कोण, हे त्याला मोजता येत नाही. माझ्याजवळ असे एक हसू आहे. त्याचे नाव सांगणारे आता कोणी नाही.

फीत झिजेल, ही भीती सर्वांना असते. ओळखणारे कान बहुधा फितीच्या आधी जातात. मग आवाज स्वच्छ उरतो आणि परका होतो. एखाद्याला विसरायला त्याचा आवाज पुसावा लागत नाही. त्याचे नाव लिहायचे राहिले तरी पुरते.

म्हणून कॅसेट उतरवण्याचे काम एकट्याने, बंद खोलीत करू नये. घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला शेजारी बसवावे. नाव, नाते, गाव, साल विचारावे आणि त्याच बैठकीत लिहून घ्यावे. यंत्र थोडे उशिरा मिळाले तरी चालते. सांगणारा उशिरा मिळत नाही. आवाज उतरवून घेणे हे अर्धे काम आहे. तो कोणाचा, हे सांगणारे वाक्य त्याच्यासोबत ठेवले, तरच पुढच्यांच्या हाती माणूस लागतो.