दोष ठेवण्याचा अधिकार

एखादा मनुष्य खोटे बोलला नाही. कोणाला फसवावे असे त्याच्या मनातही नव्हते. जे त्याला खरे वाटले तेच तो बोलला. पण ते खरे नव्हते, आणि त्यापायी दुसऱ्या एकाचे नुकसान झाले. अशा मनुष्यास दोषी म्हणावे काय? बहुतेक वाचक म्हणतील, चूक झाली खरी, पण अपराध नव्हे. माझेही मत पुष्कळ वर्षे तेच होते. ते बदलले एका जुन्या मोटारीमुळे.

1986 साली बेळगावास आमच्याकडे एक जुनी अ‍ॅम्बॅसडर होती. (ही गाडी 2014 साली बनायची बंद झाली, तरुण वाचकांनी ती बहुधा टॅक्सी म्हणूनच पाहिली असेल.) त्या पावसाळ्यात तिचा सेल्फ नुसता कण्हू लागला. बटण दाबले की दिवे मंदावत, इंजिन अर्धा फेरा घेई आणि थांबे. मग गल्लीतली चार माणसे गोळा करून धक्का मारावा लागे.

गॅरेजचे मिस्त्री अनुभवी होते. त्यांनी बॅटरीला मीटर लावला, थोडा विचार केला आणि म्हणाले, बॅटरी थकली. नवी बॅटरी आली. आठ-दहा दिवस बरे गेले, पुन्हा तेच. मग सेल्फ उतरवून त्याचे कार्बन बदलले. तरीही तेच. तिसऱ्या खेपेस मिस्त्रींनी बॅटरीच्या टोकावरचा क्लॅम्प हलवून पाहिला, तो किंचित सैल लागला. तो आवळला होता त्यांच्या हाताखालच्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने. सगळ्यांसमोर त्याला बोल लावण्यात आला. मीही तेथे उभा होतो आणि म्हणालो, "आजकालची पोरे लक्ष देऊन काम करीत नाहीत." पुढच्या आठवड्यात तो मुलगा गॅरेजात दिसला नाही.

गाडी मात्र तशीच राहिली.

शेजारी एस.टी.च्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले एक वृद्ध गृहस्थ राहत; आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. एके सायंकाळी ते आपला मीटर घेऊन आले. मी म्हणालो, "अण्णा, बॅटरी तर साडेबारा व्होल्ट दाखवते." ते हसले. गाडी उभी असताना सगळेच साडेबारा दाखवते, म्हणाले. रिकामी गाडी ओढणाऱ्या बैलाची पारख होत नाही.

त्यांनी जे समजावून सांगितले ते येथे थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे. तारेतून प्रवाह वाहत नसेल तर गंजलेल्या जोडावर आणि स्वच्छ जोडावर मीटर सारखेच शून्य दाखवतो. तारेचा एकच धागा शिल्लक असला तरी टोकाशी व्होल्टेज पुरते भरते. जोडाचे खरे रूप दिसते ते त्याच्यावर भार पडला म्हणजे. सेल्फ फिरताना दीडशे-दोनशे अ‍ॅम्पिअर प्रवाह ओढतो. जोडात ओहमचा शंभरावा भाग एवढाच अडथळा असला, तरी दोनशे अ‍ॅम्पिअरला तेथे दोन व्होल्ट गळतात. इतका लहान अडथळा साध्या मीटरवर ओहममध्ये मोजताही येत नाही. तो मोजायचा एकच मार्ग: काम चालू असताना, जोडाच्या अलीकडे आणि पलीकडे मीटरची दोन टोके ठेवून गळालेले व्होल्ट वाचणे.

अण्णांनी कॉइलची तार काढून ठेवली, म्हणजे इंजिन सुरू न होता नुसते फिरावे. मला बटण दाबायला बसवले. प्रथम बॅटरीच्या दोन टोकांवर, सेल्फ फिरत असता: 10.4 व्होल्ट. म्हणजे बॅटरी ठीक. मग बॅटरीपासून सेल्फपर्यंतच्या जाड तारेवर: 0.3. एवढे चालते. माझ्या मते आता तपास संपला होता. पण अण्णा म्हणाले, गेलेला प्रवाह परतही यावा लागतो, आणि परतीची वाट कोणी पाहत नाही. इंजिनच्या अंगावर एक टोक आणि बॅटरीच्या अर्थ दिलेल्या टोकावर दुसरे: 3.1 व्होल्ट.

हिशेब चोख होता. 0.3 आणि 3.1 वजा जाता सेल्फच्या वाट्याला सात व्होल्ट उरत होते. सात व्होल्टांत तो बिचारा काय करणार!

इंजिन रबराच्या गाद्यांवर बसवलेले असते, आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन व चासी यांना जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी असते. आमच्या गाडीची ती पट्टी खाली चिखलात बसून हिरव्या कळंकाने खाल्ली होती. दोन-चार धागे राहिले होते. मग एवढा प्रवाह परत येत होता कसा? अण्णांनी माझा हात चोकच्या तारेला लावला. ती कढत होती. पट्टी तुटल्यावर प्रवाहाने जी मिळेल ती वाट धरली होती, आणि जिचे ते कामच नव्हे अशी बारीक तार दुसऱ्याचे ओझे वाहून भाजून निघत होती.

आणि आता मला सांगितलेच पाहिजे: ती तार गरम होते हे मला महिनाभरापासून ठाऊक होते. चोक ओढताना दोनदा चटका बसला होता. मी कोणास बोललो नाही. मिस्त्रींनी बॅटरी म्हटले होते. त्यात ही गोष्ट बसत नव्हती, म्हणून मी ती मनातून काढून टाकली.

पुढे वाचनात डब्ल्यू. के. क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाचा 1877 सालचा एक निबंध आला. त्यात एक जहाजमालक आहे. आपले जहाज जुने, दुरुस्तीस आलेले आहे अशी शंका त्याच्या मनात येते; पण इतक्या सफरी ते करून आले आहे, याही वेळी येईल, अशी तो मनाची समजूत घालतो, अगदी प्रामाणिकपणे. जहाज प्रवाशांसह बुडते. क्लिफर्ड म्हणतो, त्याचा विश्वास खरा होता याने तो सुटत नाही. समोरच्या पुराव्यावरून तसा विश्वास धरण्याचा त्याला अधिकारच नव्हता. आणि जहाज सुखरूप परतले असते तरी तो तितकाच दोषी ठरला असता.

हे फार कठोर आहे, असे अमेरिकेतील विल्यम जेम्स यांना वाटले. 1896 साली त्यांनी उत्तर दिले की काही प्रश्न पुराव्याने सुटतच नाहीत आणि टाळताही येत नाहीत; तेथे मनुष्याने विश्वासाने पाऊल टाकणे गैर नाही. श्रद्धेच्या बाबतीत मी जेम्स यांच्याच बाजूचा. पण माझ्या गाडीचा प्रश्न त्या जातीचा नव्हता. तो पाच मिनिटांत, एका मीटरने सुटणारा होता. जेथे तपासणी शक्य आहे आणि बोल दुसऱ्याला लागणार आहे, तेथे "मला तसे खरोखर वाटले" हे म्हणणे मला आता पुरेसे वाटत नाही. मिस्त्रींविषयी मी बोलत नाही. त्यांना चोकच्या तारेची गोष्ट कोणी सांगितलीच नव्हती.

नवी पट्टी अगदी थोड्या पैशांत आली. सेल्फ पहिल्या फेऱ्यात उचलू लागला.

मी गॅरेजात जाऊन झाले ते सांगितले. मुलगा खानापूरकडे एका ट्रॅक्टर दुरुस्तीच्या दुकानात लागला आहे असे कळले. रविवार गाठून मी गेलो. तो चाकाखाली निजून काम करीत होता. मी सगळे सांगितले, माझे ते वाक्य मागे घेतो असेही म्हणालो. त्याने हात पुसले, क्षणभर थांबला.

"काका, पुढच्या तारेवर मीटर लावला तेव्हा बॅटरीच्या टोकावर लावला होता, का वरच्या क्लॅम्पवर?"

मला आठवावे लागले. अण्णांनी मुद्दाम क्लॅम्प सोडून शिशाच्या टोकावरच सुई टेकवली होती.

"टोकावर," मी म्हणालो.

"मग माझा जोड त्या तीन दशांशात आला," तो म्हणाला, आणि पुन्हा चाकाखाली गेला.