वाशातलं भोक

दुपारची जेवणं आटोपली की ओट्यावर बसा. बोळिंजमध्ये टॉवरांच्या मधोमध अजून काही कौलारू घरं उभी आहेत. मागे विहीर, केळी, भाजीचे वाफे. तुमचं घर तसं असेल तर छपराखालच्या वाशाकडे पाहा. उंच इमारतीत राहत असाल तर बाल्कनीतलं जुनं लाकडी बाकडंही चालेल. पाठ टेका. श्वास जसा चाललाय तसा चालू द्या.

वाशाच्या खालच्या अंगाला गोल भोक दिसतंय. करंगळी जाईल एवढं, कडा गिरमिटानं पाडल्यासारख्या साफ. खाली फरशीवर पिवळट भुगा पडलाय. तो इतक्यात झाडू नका. हात लांबीकडे किंवा फवाऱ्याकडे जाऊ पाहतो. ती घाई फक्त जाणवू द्या. हात मांडीवरच राहू दे.

आता कान द्या. लाकडाच्या आत बारीक खरवड चालू आहे. आपण सरसकट काळा भुंगा म्हणतो, पण कोरणारी ही मादी आहे. वाळवी लाकूड खाते. ही खात नाही, जागा करते. जबड्यांनी खरवडायचं आणि भुगा बाहेर टाकायचा. थोडं आत गेलं की ती वळते आणि लाकडाच्या रेषेनं बोगदा पुढे नेते. शेवटाशी पराग आणि मधुरस मिसळून गोळा ठेवते, त्यावर एक अंडं घालते आणि त्याच लाकडाच्या भुग्याची भिंत उभारते. पुन्हा गोळा, पुन्हा अंडं, पुन्हा भिंत. कीटकांच्या मानानं ही अंडी फार मोठी, म्हणून मोजकीच. मनानं त्या एका भिंतीपाशी थांबा. तुमच्या घराचं लाकूड तिथं दुसऱ्या कुणाच्या तरी घराचं लाकूड झालंय. हे पटवून घ्यायची गरज नाही. नुसतं पाहा.

इतक्यात एक भुंगा समोर येऊन हवेत थबकेल, अगदी तोंडासमोर. अंग आक्रसतं, तेही पाहा. अशी राखण करणारा बहुधा नर असतो आणि नराला नांगी नसते. मादीला असते, पण हाताळल्याशिवाय ती सहसा डसत नाही. मात्र दारावर गांधीलमाश्यांचं पोळं असेल तर तिथं बसू नका. उन्हापावसानं करडं झालेलं लाकूड खरवडून, चावून, त्याचाच कागदासारखा लगदा करून त्या पोळं बांधतात आणि जिवापाड राखतात. त्यांच्याकडे दुरून पाहावं.

डोळे मिटा आणि भुंग्यामागून वाफ्यांकडे जा. वांग्याच्या फुलात पराग परागकोशांच्या आत असतात, बाहेर पडायला टोकाशी फक्त बारीक छिद्रं. भुंगा फूल घट्ट धरतो, अंग थरथरवतो, तेव्हा पराग झडतात. पोळ्यातल्या मधमाशीला हे जमत नाही. रस्त्याकडेची रुईसुद्धा याच जड पाहुण्यावर विसंबते. जेवताना पानात भरलं वांगं असेल, तर या थरथरीचा त्यात वाटा असू शकतो.

ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाच्या व्याकुळतेसाठी हाच जीव आलाय: कोरडं लाकूड भेदणारा, पण कोवळ्या कळीत सापडला की जीव गेला तरी पाकळी न चिरणारा. ग्रंथ 1290चा. तो दृष्टान्त भक्तिभावानं ऐकताना आपण लाकडाचा भाग पटकन ओलांडतो. मला वाटतं, तिथं रेंगाळावं. कुणीतरी तेव्हाही वाशाखाली बसून हे नीट पाहिलेलं असणार.

सावकाश डोळे उघडा. आता वाशाचाही विचार करा, तोही आपल्या जबाबदारीचाच. जुनी भोकं पुढच्या पिढ्या पुन्हा वापरतात, बोगदे लांबवतात, आणि भार पेलणारं लाकूड वर्षानुवर्षांत कमजोर होऊ शकतं. म्हणून भोक बुजवायचं ते आतलं कुटुंब उडून गेल्यावर: काही आठवडे ये-जा नाही, ताजा भुगा पडत नाही, असं दिसल्यावर. मग लाकडाची खुंटी ठोकावी, वर ऑइल पेंटचे दोन हात द्यावेत. रंगवलेलं लाकूड भुंग्याच्या माद्या सहसा टाळतात. आणि बुजवण्याआधीच विहिरीकडच्या आडोशाला, पावसाचं पाणी लागणार नाही अशा जागी, त्यांना दुसरं घर म्हणून वाळक्या बांबूचे तुकडे एका बाजूचं पेर बंद ठेवून आडवे बांधावेत.