पहिला आवाज

प्रौढपणी माणसाने आपल्या तरुणपणीच्या कामाकडे कोणत्या नजरेने पाहावे? ते काम त्याच्या एकट्याचे असेल तर उत्तर फारसे अवघड नाही. पण ते पाचजणांनी मिळून केलेले असेल, त्यांतला एक पुढच्या प्रवासातून वगळला गेला असेल आणि उरलेल्यांना नंतर मोठी कीर्ती लाभली असेल, तर त्या पहिल्या कामाचा हिशेब कोणी मांडायचा, आणि तो कोणाच्या नावावर? एका अमेरिकन बँडच्या पहिल्या अल्बमच्या निमित्ताने आम्ही ह्या प्रश्नाचा विचार येथे करू इच्छितो.

बँडचे नाव 'ड्रीम थिएटर'. अल्बमचे नाव 'व्हेन ड्रीम अँड डे युनाइट'. हे संगीत 'प्रोग्रेसिव्ह मेटल' म्हणून ओळखले जाते. ज्येष्ठ वाचकांनी कानांवर हात ठेवण्यापूर्वी एवढे ऐकून घ्यावे, की हेवी मेटलचा दणका ह्यात आहेच, पण त्याच्या जोडीला आठ-आठ मिनिटांच्या लांब रचना आहेत, एकाच गाण्यात वारंवार बदलणारी लय आहे, पाच किंवा सात मात्रांची आवर्तने आहेत आणि गिटार व कीबोर्ड ह्यांचे सवाल-जबाब आहेत. तालाचा जाणकार असलेल्या आपल्याकडच्या श्रोत्याला हे ऐकताना मात्रा मोजण्याचा मोह आवरत नाही. सगळेच आम्हांस रुचते असे मात्र नाही. सलग तासभर ऐकले की शांततेची तहान लागते.

१९८५ साली बॉस्टनच्या बर्कली कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये तीन विद्यार्थी एकत्र आले: गिटारवादक जॉन पेट्रुची, बेस गिटार वाजवणारा जॉन म्युंग आणि ड्रमवादक माइक पोर्टनॉय. पेट्रुचीचा बालमित्र केव्हिन मूर कीबोर्डवर आला. बँडचे मूळ नाव 'मॅजेस्टी'. त्याच नावाच्या दुसऱ्या एका बँडने हरकत घेतल्यामुळे ते सोडावे लागले आणि पोर्टनॉयच्या वडिलांनी कॅलिफोर्नियातील मॉन्टरे येथल्या एका लहान सिनेमागृहाचे नाव सुचवले, तेच आजचे नाव. जुने नाव गेले, तरी त्या काळातले चिन्ह मात्र राहिले. ते स्कॉटलंडची राणी मेरी हिच्या मुद्रेवरून घेतले आहे. १५८७ साली जिचा शिरच्छेद झाला तीच ही कॅथलिक राणी. पहिल्या अल्बमच्या मुखपृष्ठावर ते तापलेल्या डागणीसारखे दिसते. अल्बममध्ये 'द यत्से जॅम' नावाची एक गायनाविना रचना आहे. तिचे नाव उलट वाचले की 'मॅजेस्टी' हाती येते.

गायक म्हणून १९८७ च्या अखेरीस चार्ली डॉमिनिची ह्यांना घेण्यात आले. त्यांचा जन्म १९५१ चा. बाकीचे नुकतेच विशीत आलेले, म्हणजे वयाचे अंतर पंधरा वर्षांहून अधिक. १९८८ साली पेनसिल्व्हेनियातील ग्लॅडविन येथे, निर्माता टेरी डेट ह्यांच्या देखरेखीखाली, सुमारे तीन आठवड्यांत आठ रचनांचे ध्वनिमुद्रण झाले, आणि ६ मार्च १९८९ रोजी अल्बम बाजारात आला. कंपनीने त्याच्या प्रसारासाठी फारसे काही केले नाही. न्यूयॉर्कच्या आसपास मोजके कार्यक्रम झाले आणि त्यानंतर डॉमिनिची ह्यांना निरोप देण्यात आला. पुढे न्यूयॉर्कमध्ये 'मॅरिलियन' ह्या ब्रिटिश बँडच्या कार्यक्रमाआधी वाजवण्याची संधी आली, तेव्हा त्यांना आणखी एकदा गाण्यासाठी बोलावले गेले. त्यानंतर नवा गायक शोधण्यात दीर्घकाळ गेला. १९९१ साली कॅनडाचा जेम्स लब्री मिळाला, १९९२ साली 'इमेजेस अँड वर्ड्स' हा दुसरा अल्बम आला, त्यातले 'पुल मी अंडर' रेडिओवर गाजले, आणि बँडचे नाव जगभर झाले.

आज हा पहिला अल्बम ऐकणारा बहुतेक नंतरचे ऐकून मागे वळलेला असतो. त्यामुळे निवाडा आधीच ठरलेला असतो: रचना चांगल्या, ध्वनिमुद्रण कमकुवत, गायक त्याहून कमकुवत. हा निवाडा सर्वस्वी खोटा नाही. ड्रमचा आवाज दूरच्या खोलीतून आल्यासारखा वाटतो, बेसचा खर्ज हरवतो. डॉमिनिची ह्यांचा गळा उंच स्वरात बारीक होतो आणि ताणल्यासारखा भासतो. सुरेल, सुटसुटीत रॉक गाण्याला तो शोभला असता. लब्रीच्या आवाजाचा पल्ला त्याहून निश्चित मोठा आहे.

परंतु लक्षपूर्वक ऐकले तर दुसरेही काही कानी पडते. हे चार तरुण वादक गायकासाठी जागाच सोडत नाहीत. 'द किलिंग हँड' ही पाच भागांची रचना घ्या, की 'ओन्ली अ मॅटर ऑफ टाइम' हे शेवटचे गाणे घ्या. आपल्याला येते ते सगळे ह्याच अल्बममध्ये दाखवून टाकायचे, पुन्हा संधी मिळते की नाही कोण जाणे, अशी घाई प्रत्येक ओळीमागे जाणवते. एकविशीतल्या कलावंताची ही घाई आम्हांस लोभसच वाटते. तिचे ओझे मात्र गाणाऱ्यावर पडते. शब्दांची गर्दी, सुरांची उंची, खाली सतत सरकणारी लय, आणि त्यातून वाट काढणारा एक माणूस. दोष पाचजणांत वाटला जायला हवा होता. तो ज्याचे तोंड उघडे होते त्याच्या पदरी पडला. आणि तो पुढे बँडमध्ये राहिला नसल्यामुळे त्याची बाजू त्या घरातून मांडणारेही कोणी उरले नाही. सामुदायिक कामांत हे नेहमीच घडते. पाच भावांनी काढलेले दुकान पहिल्या वर्षी चालत नाही तेव्हा गल्ल्यावर बसलेला भाऊ लोकांच्या लक्षात राहतो, माल भरणारे राहत नाहीत.

मग डॉमिनिची ह्यांना काढणे अन्याय होता काय? आम्हांस तसे वाटत नाही. कलेला स्वतःचे एक हित असते. जे काम करायचे आहे त्याला एखाद्याचा गळा पुरत नसेल, तर केवळ दयेपोटी त्याला तेथे ठेवणे हे त्या कामाशी अप्रामाणिक, आणि त्या माणसाशीही. रोज अपुरे ठरण्याच्या जागी माणसाला बसवून ठेवण्यात प्रेम कसले? चौघांनी निर्णय घेतला, आणि जो शोध पुढे घेतला तो पाहता तो निर्णय सवंग नव्हता. गायकाविना दीर्घकाळ थांबणे हे तरुण बँडच्या जिवावरचेच असते.

पण निर्णय योग्य होता एवढ्याने देणे फिटत नाही, आणि नेमके येथेच पुष्कळदा गल्लत होते. संत थॉमस अक्वायनस ह्यांनी कृतज्ञतेला न्यायाच्या परिवारातला, तरीही स्वतंत्र असा सद्गुण मानले आहे. कायद्याने बांधलेले देणे वेगळे आणि केवळ सभ्यतेने, मनाने बांधलेले देणे वेगळे. पहिले चुकते करता येते, पावती घेता येते. दुसऱ्याची पावती कोणी देत नाही. डॉमिनिची ह्यांचा करार संपला असेल, हिशेब झाला असेल. परंतु गायकच नव्हता तेव्हा ज्याने आपला आवाज दिला, ज्याच्या आवाजासह तो पहिला अल्बम जगासमोर गेला, त्याचे दुसरे देणे नवा गायक उत्तम निघाल्याने कमी होत नाही. उलट पुढचे यश जितके मोठे, तितके ते वाढते असे आम्ही म्हणू.

ते फेडायचे कसे? जुन्या कामाकडे परत जाण्याच्या दोन प्रसिद्ध रीती येथे आठवतात. संत ऑगस्टीन ह्यांनी ४२६-२७ च्या सुमारास, वयाच्या सत्तरीनंतर, आपले सगळे ग्रंथ क्रमाने पुन्हा वाचायला घेतले आणि 'रेट्राक्टात्सिओनेस' नावाचे पुस्तक लिहिले. शीर्षकाचा अर्थ माघार असा नाही. पुन्हा हाताळणे असा आहे. त्रुटी दाखवल्या, पण जुने ग्रंथ नष्ट केले नाहीत. आपण कसकसे पुढे गेलो हे क्रमाने वाचणाऱ्याला दिसावे, अशी त्यांची इच्छा होती. संगीतकार ब्राम्स ह्यांची रीत निराळी. तरुणपणीच्या कितीतरी रचना त्यांनी स्वतःच नाहीशा केल्या. परंतु १८५४ साली प्रसिद्ध झालेले पियानो, व्हायोलिन आणि चेलो ह्यांचे एक त्रिकूट त्यांनी १८८९ साली जवळजवळ नव्याने लिहिले, आणि जुने रूपही तसेच राहू दिले. दोन्ही रूपे आजही उपलब्ध आहेत.

ह्या दोघांना एक सोय होती: पहिले काम त्यांचे एकट्याचे होते. ऑगस्टीन आपल्याच वाक्याला चुकीचे म्हणत होते. ब्राम्स आपलेच स्वर खोडत होते. ड्रीम थिएटरने आपले पहिले काम दुरुस्त करायचे म्हटले असते, तर खोडला गेला असता तो दुसऱ्याचा आवाज. तंत्राच्या दृष्टीने त्यात अशक्य काही नव्हते, आणि नव्या गायकाच्या आवाजात तो अल्बम खपलाही असता. त्यांनी तसे केले नाही. मूळ अल्बम डॉमिनिची ह्यांच्या आवाजातच राहिला.

त्याऐवजी त्यांनी दुसरे काही केले. ६ मार्च २००४ रोजी, अल्बमला बरोबर पंधरा वर्षे झाली त्या दिवशी, लॉस एंजेलिसच्या पँटेजिस थिएटरमध्ये त्यांनी तो आरंभापासून अखेरपर्यंत सादर केला. लब्री गायले, कीबोर्डवर, मूर ह्यांच्या जागी, जॉर्डन रुडेस होते. पुढे त्याचे ध्वनिमुद्रण 'व्हेन ड्रीम अँड डे रियुनाइट' ह्या नावाने निघाले. ते ऐकले म्हणजे रचना मुळातच भक्कम होत्या हे कळते. आम्हांस मात्र त्याहून अधिक जाणवले ते हे, की पंधरा वर्षांनी वादकांची घाई गेली आहे. हात तेच, पण आता गायकाला श्वास घ्यायला जागा मिळते. म्हणजे लब्रीला मिळालेले सगळे यश केवळ गळ्याचे नव्हे.

त्या रात्री शेवटी डॉमिनिची ह्यांनाही मंचावर बोलावण्यात आले. ते दोन गाणी गायले, 'टु लिव्ह फॉरएव्हर' आणि 'मेट्रोपोलिस'. ह्या दोहोंपैकी एकही त्या पहिल्या अल्बममधले नाही. ज्या आठ रचनांचा उत्सव होता त्यांतली एकही त्यांच्या वाट्याला आली नाही, 'आफ्टरलाइफ'सुद्धा नाही, ज्याचे शब्द त्यांचे स्वतःचे आहेत. लब्री ह्यांना मध्येच बाजूला सारणे प्रशस्त दिसले नसते, हे आम्ही समजू शकतो. प्रेक्षकांनी त्यांचे प्रेमाने स्वागत केले, हेही खरे. तरीसुद्धा आपण बांधायला मदत केलेल्या घरी पाहुणा म्हणून यावे आणि आपली खोली सोडून दिवाणखान्यात बसावे, असे काहीसे ते वाटते. सन्मान होता; आणखी एक पाऊल पुढे टाकता आले असते. ज्या अल्बमला ते मुकले नव्हते अशा एकमेव अल्बमचे एखादे गाणे दोघांनी मिळून गायले असते, तर कोणाचे काय बिघडणार होते?

आणखी एक गोष्ट येथे नोंदवली पाहिजे. पहिल्या कामाकडे मागे वळून पाहण्याचा हा सारा सोहळा यशस्वी लोकांनाच परवडतो. १९८९ साली पहिला अल्बम काढून तेथेच थांबलेले बँड पुष्कळ असतील. त्यांच्या पंधराव्या वर्षी कोणी नाट्यगृह भाड्याने घेत नाही. 'इमेजेस अँड वर्ड्स' निघाला नसता तर ह्या अल्बमचीही तीच गत झाली असती, आणि तरीही ह्या आठ रचना होत्या तेवढ्याच चांगल्या आणि तेवढ्याच उणिवांच्या राहिल्या असत्या. पुढच्या फळावरून बीजाला गुण देण्याची आपली सवय फार जुनी आहे. तिच्यामुळे आपण आरंभाला कधी फाजील माफी देतो, कधी नको तेवढे डावलतो. तो जसा आहे तसा क्वचितच ऐकतो.

डॉमिनिची पुष्कळ वर्षे संगीतव्यवसायापासून दूर होते. २००५ ते २००८ ह्या काळात त्यांनी एक त्रिखंडी कथागायन प्रसिद्ध केले. दुसऱ्या आणि तिसऱ्या खंडात पुन्हा मेटल बँडचा साज आहे. पहिल्या खंडात मात्र केवळ एक गिटार आणि त्यांचा आवाज आहे, वयाच्या पन्नाशीनंतरचा, बारीक पण स्थिर. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, ते वारले. २०१० साली बँड सोडून गेलेले पोर्टनॉय त्याआधी काही आठवड्यांपूर्वीच ड्रीम थिएटरमध्ये परतले होते. ज्या वाचकांच्या घरी मुले हे संगीत ऐकतात, त्यांनी मुलांना तो पहिला खंड अवश्य शोधायला सांगावा, आणि त्यानंतर १९८९ चा अल्बम पुन्हा लावायला सांगावा.