तारीख विचारा, आडनाव नको

मी सव्वीस वर्षांचा आहे हे खरं कशामुळं? सव्वीस वर्षं जगलो म्हणून, की तसा कागद माझ्या खिशात आहे म्हणून?

हसू नका. कायद्यानं उत्तर देऊन ठेवलंय. बाल न्याय कायदा 2015, कलम 94 वाचा. पोराच्या वयाची शंका आली तर आधी शाळेचा दाखला नाहीतर मॅट्रिकचं सर्टिफिकेट. ते नसंल तर महापालिकेचा, पंचायतीचा जन्मदाखला. तोही नसंल तरच हाडं तपासायची. कागद पहिला, कागदच दुसरा, आणि हाडामांसाचा माणूस तिसऱ्या नंबरावर.

आता आमचे कागद बघा. माझ्या बापाच्या दाखल्यावर जन्मतारीख 1 जून. चुलत्याच्या दाखल्यावर 1 जून. शेजारच्या म्हाताऱ्याची बी तीच. सगळी वस्ती एकाच दिवशी बाळंत झाली होती काय? गुरुजी पोराला म्हणायचे, डोक्यावरून हात ने आणि पलीकडचा कान धर. कान हाती लागला की पोर सहा वर्षांचं. जूनमध्ये शाळा, म्हणून तारीख जूनची. त्याच दाखल्यावर जातीचा रकाना असतो. तो मात्र अंदाजानं भरलेला नाही. तारीख ठोकून दिलेली, जात बिनचूक.

हे डोक्यात येण्याचं कारण एक वाईन शॉप. नाव लिहीत नाही, पिंपरीत अशी दुकानं कमी नाहीत. दारूची वकिली मला करायची नाही. कायदा 1949 चा, मुंबई दारूबंदी कायदा. बियर-वाईनला 21 वर्षं, कडक दारूला 25. (18 व्या वर्षी सरकार निवडा, 21 व्या वर्षी लग्न करा, 25 व्या वर्षी आमदारकीला उभे राहा, आणि क्वार्टर पण तेव्हाच घ्या!) असो. नियमाला माझी ना नाही. पहिली पाळी सुटल्यावर मिलच्या तेलकट कपड्यात मी रांगेत होतो. माझ्यापुढं गाडीतून उतरलेला एक पोरगा, अजून मिसरूडही नाही. त्याला बाटली मिळाली, वर 'थँक्यू सर' मिळालं. मला म्हणाला, कार्ड दाखव. मी आधार दिलं. तारीख पुढच्या बाजूलाच असते. पण त्यानं आधी आडनाव वाचलं, मग कार्ड उलटं करून वस्तीचा पत्ता वाचला, मग माझ्याकडं बघितलं. एक तारीख बघायला माणसाला किती वाचावं लागतं?

दोस्त म्हणतो, सोड यार, तो त्याची ड्यूटी करतोय. ड्यूटी करावी ना! 19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या पोराच्या महागड्या गाडीखाली दोन तरुण इंजिनियर मेले. अल्पवयीनांना दारू दिल्याच्या आरोपावरून पबच्या मालक-मॅनेजरांना अटक झाली. वय विचारायची गरज कुठं होती ते तेव्हा दिसलं. आणि पोराला जामीन देताना बाल न्याय मंडळानं काय सांगितलं, तर तीनशे शब्दांचा निबंध लिही. हा माझा निबंध तीनशेहून मोठा आहे, आणि मी कुणाला चिरडलेलं नाही.

पुढची गंमत ऐका. ऑक्टोबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टानं अपघात-भरपाईच्या एका खटल्यात म्हटलं की आधार हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे, त्यापेक्षा शाळा सोडल्याचा दाखला धरा. म्हणजे आडनाव सांगणारं कार्ड कमी पडलं तर सरळ जातच लिहिलेला कागद काढायचा.

तरी वय विचारूच नका, असं मी म्हणणार नाही. उलट, विचारा. गावात आमचं वय कुणी मोजलंच नव्हतं. माझ्या आज्याला सत्तरीत पाटलाचं दहा वर्षांचं पोरगं 'काय रं' म्हणायचं, आणि आज्या त्याला 'जी' म्हणायचा. गावकुसाबाहेर म्हातारपणाला मान नव्हता, की लहानपणाला माया नव्हती. आणि 1881 चा पहिला कारखाना कायदा काय म्हणत होता? सात वर्षांखालचं पोर कामाला लावू नका. म्हणजे सात भरली की लावा!

म्हणून 1928 ची गोष्ट मला मोठी वाटते. बाबासाहेबांनी सायमन कमिशनपुढं प्रौढ मताधिकार मागितला. जमीन नको, साराभरणा नको, शिक्षणाची अट नको, वय बस्स. तरी 1935 च्या कायद्यात मालमत्ता, कर आणि शिक्षण बघूनच मत मिळालं. घटनेच्या 326 व्या कलमानं ते मोडलं. वय 21 ठरलं, 61 व्या दुरुस्तीनंतर 1989 पासून 18. वय ही आमची पहिली बिनगहाण मालमत्ता. सावकार नेऊ शकत नाही, पाटील हिसकू शकत नाही. टाटा-बिर्लाला आणि मला वर्ष सारखंच तीनशे पासष्ट दिवसांचं.

अशी सारखी मोजलेली गोष्ट काउंटरवर कपडे बघून विचारली, की ती वयाची चौकशी राहत नाही. रांगेतल्या सगळ्यांना विचार, मी पहिला कार्ड काढीन.

हल्ली कार्ड पुढं करताना मी नावावर अंगठा ठेवतो. लाज म्हणून नव्हे. माझं नाव मी कवितेखाली पुरं लिहितो, आडनावासकट. पण तिथं मी ते देतो, इथं कुणी काढून घेतो. परवा एक दुकानदार चिडला, म्हणाला, अंगठा काढ. मी म्हणालो, शेठ, तारीख वाचा, फोटो बघा, माल द्यायचा तर द्या. मागची रांग ओरडायला लागली. त्यानं माल दिला.