जातीचा रकाना

मॉरिशसमधली मराठी कुटुंबं पूर्वज शोधायला निघाली की मोका गावातल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये पोचतात. 1834 ते 1910 या काळात करारावर उतरलेल्या साडेचार लाखांच्या आसपास भारतीय मजुरांच्या नोंदवह्या तिथे आहेत. नंबर, नाव, बापाचं नाव, जात, गाव, उंची, अंगावरची खूण. सुरुवातीच्या नोंदींमधले बहुतेक बाप अठराव्या शतकात जन्मलेले असणार.

मी डेटाबेसवर काम करतो, त्यामुळे रिकामा रकाना खुपतो. इथे मात्र भरलेला खुपतो: जातीचा. समजा, रत्नागिरीकडच्या कुणी बोटीवर चढताना मुद्दाम वेगळी जात सांगितली आणि आज त्याच्या वंशजाने ‘खरी’ शोधून काढली. हे पितृऋण फेडणं की चुगली?

नागपुरात हा प्रश्न पुस्तकी नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला इथे लाखोंनी जुनी ओळख टाकली, तीही सगळ्यांसमोर. काय टाकलं हे नातवंडांना ठाऊक हवंच, नाहीतर त्या टाकण्याची किंमत कशी कळणार? बोटीवरच्या माणसाने गुपचूप टाकली. ते उघड करायची परवानगी त्याने कुणालाच दिलेली नाही.

गाव शोधा, बापाचं नाव शोधा, खूणसुद्धा. जातीच्या रकान्यात मी त्याने सांगितलेलंच ठेवीन.