अर्धं काम मशीनचं

मराठी घरात बोलण्याची एक रीत आहे. हाक स्वयंपाकघरातून मारायची, उत्तर बाहेरच्या खोलीतून द्यायचं, प्रश्न जिन्यात विचारायचा आणि त्याचं शेपूट दार लावून घेताना पूर्ण करायचं. वर पंखा, समोर टीव्ही, आत मिक्सर. ज्यांचे कान शाबूत आहेत त्यांना यात काही वावगं वाटत नाही, कारण सुटलेले शब्द त्यांचा मेंदू आपोआप भरून घेतो. ज्याचे कान उतरणीला लागलेत त्याचा मात्र या रीतीपुढे टिकाव लागत नाही. मग आपण काय करतो? त्याला कानाचं मशीन आणून देतो आणि रीत आहे तशी चालू ठेवतो. माझं म्हणणं असं आहे की मशीन अर्धंच काम करतं. उरलेलं अर्धं घरानं करायचं असतं. ते होत नाही म्हणून कितीतरी मशिनं टेबलाच्या खणात, औषधांच्या जुन्या चिठ्ठ्यांशेजारी पडून राहतात.

मी स्वतः दोन्ही कानांत मशीन घालतो. त्यामुळे हे सगळं तक्रार म्हणून वाचलं तरी माझी हरकत नाही.

आधी कानात नेमकं काय बिघडतं ते पाहू. आतल्या कानातल्या शंखाकृती नळीत अतिसूक्ष्म केसपेशी असतात, दर कानात साधारण १५ हजार. माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. शंखाच्या तोंडाशी असलेल्या पेशी उंच पट्टीचे आवाज टिपतात आणि वय वाढतं तशा बहुधा त्याच आधी झिजतात. आता बोलण्याचा जोर असतो स्वरांत, आणि स्वर खालच्या पट्टीतले. अर्थ मात्र बराचसा व्यंजनांत असतो, आणि स, श, त, फ, च ही मंडळी वरच्या पट्टीतली, शिवाय अंगानं नाजूक. म्हणून साठ, पाठ, ताट, खाट या चारही शब्दांतला ‘आ’ मला खणखणीत पोचतो, भोवतालचं सगळं पुसट होतं. डॉक्टरांकडे येणारा जवळजवळ प्रत्येक म्हातारा एकच वाक्य बोलतो: ऐकू येतं, पण कळत नाही. हे वाक्य अक्षरशः खरं आहे, आणि घरच्यांचा विश्वास बसत नाही तो नेमका याच वाक्यावर.

‘त्यांना हवं तेवढं बरोबर ऐकू येतं’ हा आरोप त्यातूनच येतो. खोली शांत असेल, बोलणाऱ्याचा चेहरा समोर असेल आणि विषय ओळखीचा असेल, तर कमी ऐकू येणारा माणूसही ओठ, डोळे आणि संदर्भ यांच्या आधारानं वाक्य जुळवतो. त्याच माणसाला पंगतीच्या गडबडीत मागून काही विचारा, तो हरतो. घरच्यांना पहिला प्रसंग आठवतो आणि दुसरा प्रसंग त्यांना सोंग वाटतो.

मग आवाज चढतो. घरोघरी होणारा संवाद ठरलेला आहे. ‘काय?’ ‘अहो, भात वाढू का?’ ‘काय?’ ‘भात!!’ ‘ओरडतेस कशाला, बहिरा आहे का मी?’ यावर सगळे हसतात. शरीरशास्त्राच्या दृष्टीनं मात्र आजोबांची दोन्ही वाक्यं खरी आहेत. केसपेशी गेल्या की हळू आवाज ऐकू येईनासा होतो, पण मोठा आवाज सहन करण्याची मर्यादा वाढत नाही, उलट काहींची कमीच होते. ऐकू येणं आणि दुखणं यांच्यातली पट्टी अरुंद होत जाते. शिवाय ओरडल्यानं वाढतात ते स्वर. व्यंजनं तिथेच राहतात, चेहरा वेडावाकडा होतो आणि ओठ वाचायची सोयही जाते.

मशीन या अरुंद पट्टीत आवाज बसवायचा प्रयत्न करतं. मायक्रोफोन आवाज घेतो, चिप त्याचे पट्टीनुसार तुकडे करते आणि तुमच्या ऑडिओग्राममध्ये, म्हणजे श्रवणचाचणीच्या आलेखात, जिथे जेवढी तूट असेल तिथे तेवढी भर घालते. हळू आवाजाला जास्त, मोठ्याला कमी. हे काम आजची डिजिटल मशिनं खरोखर चांगलं करतात. अडचण अपेक्षेची आहे. चष्मा घातला की त्या क्षणी दिसतं, तसं मशीन घातलं की त्या क्षणी कळेल असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात पहिले काही दिवस वर्तमानपत्राचं पान उलटलं तरी कागद फाडल्यासारखं वाटतं. नळ, चपला, स्वतःचं चावणं, सगळं अंगावर येतं. वर्षानुवर्षं ज्या आवाजांची मेंदूला सवय राहिली नव्हती, त्यांतले कुठले सोडून द्यायचे हे त्याला नव्यानं शिकायला काही आठवडे लागतात. तेवढे दिवस घरातल्या शांत खोलीत, एकेका माणसाशी बोलत काढावे लागतात. आपण काय करतो, तर नवं मशीन पहिल्यांदा लग्नाला घालून नेतो. फरशी, उघड्या भिंती, बँड, स्टीलची ताटं, आणि बोलणारा पाच हात लांब! मशीनचा मायक्रोफोन उत्तम चालतो तो मीटर-दोन मीटरच्या आत. मंगल कार्यालयात तो बँडच वाढवून देणार. मग ‘याचा काही उपयोग नाही’ हा निकाल लागतो आणि मशीन खणात जातं.

एरवी मशीन पाळणं फार अवघड नसतं. सेलवरचं रंगीत स्टिकर काढलं की त्यात हवा शिरून तो सुरू होतो, म्हणून स्टिकर काढल्यावर मिनिटभर थांबून मगच तो बसवायचा. आणि एकदा काढलेलं स्टिकर परत चिकटवून सेल वाचत नाही, काटकसर कितीही अंगात भिनलेली असो. पावसाळ्यात, कोकणात तर विशेषच, रात्री मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं. शिट्टी मारायला लागलं तर कानात बसणारा मोल्ड नीट बसलाय का आणि कानात मळ साठलाय का ते पाहायचं. इतकंच.

विकत घेण्याचा भाग मात्र निसरडा आहे. ऑनलाइन काही शे रुपयांत मिळणारं यंत्र सगळेच आवाज सरसकट मोठे करतं. वर सांगितलेल्या कानाला नको असतं ते नेमकं हेच. दुकानात समोर बसलेला माणूस भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेला ऑडिओलॉजिस्ट आहे की नुसता विक्रेता, हे विचारायला संकोच करू नये. मशीन लावल्यावर कानाच्या पडद्याजवळ आवाज किती पोचतो ते बारीक नळी घालून मोजता येतं. त्याला रिअल इअर मेजरमेंट म्हणतात. ते करता का, हाही प्रश्न विचारावा. महाराष्ट्र सरकारच्या २०२४च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पात्र ज्येष्ठांना अशा साधनांसाठी एकदाच ३००० रुपये मिळतात. हेतू चांगला आहे, पण त्या पैशांत मशीन जेमतेम येईल. ते कानाला जुळवून देणाऱ्या माणसाचा वेळ येणार नाही, आणि खरा खर्च त्या वेळेचा आहे. मुंबईत वांद्र्याला १९८३पासून अली यावर जंग यांच्या नावाची वाचा-श्रवणदोषांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे. जिल्ह्याच्या गावी मात्र असा माणूस शोधावा लागतो.

कायद्याचंही एक पाहण्यासारखं आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात श्रवणदोष मोजला जातो तो दोन्ही कानांत ६० डेसिबल तुटीपासून पुढे. मीटरभर अंतरावरचं साधं बोलणं साधारण ६० डेसिबल असतं. म्हणजे ज्याची तूट ५० आहे, त्याच्यापर्यंत आपलं बोलणं कुजबुजीएवढंच पोचतं आणि तरीही कायद्याच्या लेखी तो धडधाकट. कमी ऐकू येणारे बहुतेक म्हातारे या ६०च्या आतच असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या अहवालानुसार जगात दीडशे कोटींहून अधिक लोकांना थोडंफार कमी ऐकू येतं. ज्यांना मशीनचा फायदा होईल अशांपैकी ते वापरतात फक्त १७ टक्के. यात पैशांचा भाग मोठा आहे आणि लाजेचाही. कॉलेजची मुलं दिवसभर कानात इअरबड घालून हिंडतात आणि त्यांचं कुणाला काही वाटत नाही. आजोबांना मात्र मशीन केसांखाली लपेल असंच हवं असतं. आजींचा प्रश्न त्याहून वाईट. त्यांना कमी ऐकू येतं हे घरात सगळ्यांना माहीत असतं, पण त्यांना कुणी काही विचारतच नसल्यामुळे त्यावाचून कुणाचं अडत नाही.

अलीकडे मशीन विकण्यासाठी स्मृतिभ्रंशाची भीती घातली जाते. मध्यम वयातला श्रवणदोष हा स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या मोठ्या कारणांपैकी एक आहे, असं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं म्हटलं आहे. पण २०२३मध्ये अमेरिकेतल्या ‘अचीव्ह’ या चाचणीचे निष्कर्ष आले, त्यांत तीन वर्षांनंतर एकूण गटात मशीनमुळे बौद्धिक घसरणीत फरक दिसला नाही. ज्यांना आधीपासून धोका जास्त होता त्या उपगटात ती घसरण बरीच मंदावलेली दिसली. आशा वाटावी असं हे आहे, हमी द्यावी असं नाही. मला विचाराल तर मशीन घेण्यासाठी एवढ्या मोठ्या कारणाची गरजच नाही. नातवाचा विनोद वेळेवर कळणं पुरेसं आहे.

‘म्हातारपणी कमी ऐकू येतं ते बरंच’ असं म्हणणारेही भेटतात. त्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. विसर्जनाच्या रात्री डीजेच्या भिंती रस्त्यावरून जाऊ लागल्या की मी मशीन काढून डबीत ठेवतो, आणि घरातल्या सगळ्यांना माझा हेवा वाटतो. पण काढून ठेवायचं सुख त्यालाच, जो घालतो. न घालणाऱ्याच्या वाट्याला ही निवड येत नाही. आणि त्याची शांतता निवांत नसते. आजूबाजूला काय चाललंय याचा तो सतत अंदाज बांधत असतो आणि संध्याकाळपर्यंत त्यानंच थकून जातो.

आता घराच्या वाट्याचं काम. बोलण्याआधी नाव घ्यायचं, समोर यायचं, चेहऱ्यावर उजेड असू द्यायचा, टीव्ही बंद करायचा, आणि वाक्य कळलं नाही तर तेच पुन्हा न घोकता दुसऱ्या शब्दांत सांगायचं. हे पाच मिनिटांत शिकता येतं. जड जातं ते वेगळंच. जेवणाच्या टेबलावर सगळे हसतात, तो विचारतो, ‘काय झालं?’ आणि उत्तर येतं, ‘जाऊ दे, काही विशेष नाही.’ कमी ऐकू येणाऱ्याला सगळ्यात जास्त लागतं ते हे वाक्य. विशेष आहे की नाही हे दुसऱ्यानंच ठरवून टाकलेलं असतं. असं चार-सहा वेळा झालं की तो विचारणं सोडतो, खोटं हसायला आणि ‘हो, हो’ म्हणायला शिकतो. यात त्याचाही दोष आहेच. ‘काय?’ असं नुसतं विचारण्यापेक्षा ‘नाशिकला कोण जाणार तेवढं कळलं नाही’ असं विचारलं तर समोरच्याचे कष्ट वाचतात आणि उत्तरही मिळतं.

घराबाहेर परिस्थिती घरासारखीच. दवाखान्यात नाव पुकारतात ते ऐकू येत नाही आणि नंबर जातो. बँकेत काचेला बोटभर भोक असतं. मराठी चित्रपटाला उपशीर्षकं असतात ती इंग्रजी. ज्याला फक्त मराठी वाचता येतं त्यानं काय करायचं? श्रवण आणि दृष्टिदोष असलेल्यांसाठी चित्रपटगृहांत सोयी करण्याची मार्गदर्शक तत्त्वं केंद्रानं २०२४मध्ये काढली आहेत. मराठी निर्मात्यांनी त्यांच्या अंमलबजावणीची वाट न पाहता मराठी उपशीर्षकं द्यायला हरकत नाही. नंबराची पाटी लावायलाही दवाखान्याला मोठा खर्च येत नाही.

तुमच्या घरात कुणी टीव्हीचा आवाज वाढवत चाललं असेल, फोन टाळत असेल, तर कान तपासून घ्या. आधी मळ आणि संसर्ग नाही ना ते कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून, मग ऑडिओग्राम. आणि मशीन बसवायला जाल तेव्हा घरातलं एक माणूस बरोबर न्या, शक्यतो सगळ्यात भरभर बोलणारं. शिकायचं त्यालाही आहे.