इक्वलायझरमधून ऐकलेला मित्र

न्यू ऑर्डरचं 'सेरेमनी' बेसवर बसवायला घेतलं की डावा हात बराच पुढे, वरच्या फ्रेट्सकडे सरकवावा लागतो. एरवी बेसने खाली, जाड तारांवर राहून बाकीच्यांना आधार द्यायचा असतो. पीटर हुक मात्र चालच वाजवतो, आणि गाणं सुरूही तिथूनच होतं. ही सवय कशी लागली, तेही त्याने सांगितलंय: सुरुवातीला त्याचा अ‍ॅम्प इतका फालतू होता की गिटारच्या गोंगाटात त्याला स्वतःचे फक्त वरचे सूर ऐकू यायचे. बस, एवढंच कारण.

आपण मात्र हे गाणं शोकगीत म्हणून ऐकतो. 18 मे 1980 ला जॉय डिव्हिजनचा गायक इयन कर्टिस याने आयुष्य संपवलं. वय 23. अमेरिकेचा दौरा तोंडावर होता. उरलेल्या तिघांनी बँडचं नाव बदलून न्यू ऑर्डर केलं आणि 1981 मध्ये पहिलं सिंगल काढलं ते हेच, कर्टिसने लिहिलेलं. पण शब्द टेपवरून उतरवून घ्यावे लागले, आणि टेपवर ते धड कळत नव्हते. बर्नार्ड समनरने इक्वलायझर लावून त्याचा आवाज थोडाफार मोकळा केला.

मला या गाण्यात सगळ्यात जास्त लागतं ते हे. मित्र गेलाय, आणि तुम्ही टेप मागे नेऊन नेऊन ऐकताय, इथे नेमकं काय म्हणाला हा?

कारण शब्दांत मरणाचा थेट उल्लेखही नाही. प्रेम आहे, झाडांचे रस्ते आहेत, काही ओळी तर वाक्य म्हणून लागतच नाहीत. तरी लोक त्यात निरोप शोधतात. मला हे पटत नाही. त्या माणसावर तो अन्याय वाटतो. कुणी असं गेलं की त्याचं आधीचं सगळं बोलणं आपण त्या एका दिवसाकडे वळवून घेतो. 23 वर्षं जगलेल्या मुलाला प्रेमाबद्दल नुसतं लिहायचीही मुभा उरत नाही, तोही पुरावाच ठरतो.

मग या गाण्यातलं दुःख आपणच चिकटवलेलं का? तसंही नाही. 2 मे 1980 ला बर्मिंगहॅम विद्यापीठात, जॉय डिव्हिजनच्या शेवटच्या कार्यक्रमात, हे गाणं कर्टिसच्या आवाजात झालं होतं. पुढच्या वर्षी तेच समनर गातो, जरा चाचरत, कारण गायक होणं त्याच्या वाट्याला आलेलं. दुसऱ्याचे शब्द, तेही अर्धवट कळलेले, आपल्या तोंडी घ्यायचे. माझ्या मते शोक आहे तो इथे.

हुकची चाल मात्र कर्टिस असतानाची आहे. वाजवताना तिच्यात दुःख घालायचा मोह होतो. जरा रेंगाळावं, सूर लांबवावा. तसं केलं की गाणं पडतं. ती नेटाने, पुढे ढकलतच वाजवावी लागते. 1981 मध्येच त्यांनी हे गाणं पुन्हा एकदा रेकॉर्ड केलं. तोवर गिलियन गिल्बर्ट बँडमध्ये आली होती. चाल तीच ठेवली.